अंगठाभर अंतर

नागपूरच्या मिहानमध्ये काम करणाऱ्या माणसाचा सगळ्यांत जास्त राबणारा अवयव कोणता, असं कुणी विचारलं तर मी अंगठा म्हणेन. सकाळी फाटकाजवळच्या यंत्राला हजेरीसाठी दाखवायचा तो अंगठा. मेट्रोत बसल्यापासून खापरी येईपर्यंत फोनच्या काचेवर फिरत राहतो तो अंगठा. आणि दुपारी, एसीच्या गारव्यात डोकं जड झालं की दुसऱ्या हाताच्या बेचक्यात रुतून बसतो तोही अंगठाच. या तिसऱ्या कामाकडे मी इथं आल्यापासून लक्ष देऊ लागले. रांगेनं बसलेल्या मुलामुलींपैकी कुणी ना कुणी, नजर पडद्यावरच ठेवून, डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीमधलं मांस उजव्या हाताच्या चिमटीत धरून बसलेलं असतं. हे कुणी शिकवलं ते त्यांना सांगता येत नाही. कुणाला शाळेतल्या पी.टी.च्या सरांनी, कुणाला मावशीनं, बहुतेकांना फोननंच. "दाबून पाहा न मॅडम, थोड्या वेळात डोकं उतरते," असं हिंगण्याहून येणारी एक मुलगी म्हणाली, आणि मी हात पुढे करताच तिनं न विचारता, न चाचपता जागा बरोबर धरली.

दुखलं. पण टाचणी टोचल्यावर किंवा कोपर आपटल्यावर दुखतं तसं नव्हे. आत खोल कुठेतरी जडसर, पसरत जाणारी कळ. हात मागे घ्यावासा वाटतो आणि घेववतही नाही. चिनी वैद्य बिंदू सापडल्याची खूण म्हणून नेमकी हीच ठणक धरतात. ती आली नाही तर बोट इकडे-तिकडे सरकवायचं. या जागेला ते हेगू म्हणतात. अंगठा तर्जनीला चिकटवला की हाताच्या पाठीवर मांसाचा एक उंचवटा तयार होतो, त्याच्या माथ्याशी, तर्जनीच्या हाडाला लागून ही जागा. डोकं, दात, जबडा, चेहरा यांच्या दुखण्यावर ती दाबायची अशी जुनी रीत. माझं डोकं त्या दिवशी उतरलं खरं. दाबल्यामुळे, की पडद्यावरून नजर काढून एका मुलीच्या तोंडाकडे पाहत पाच मिनिटं गप्प बसल्यामुळे, हे मला आजही ठरवता आलेलं नाही, आणि या लेखात ते ठरेल अशी आशा वाचकांनी धरू नये.

या विद्येतली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट तिचं माप. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये ३६१ बिंदूंच्या जागा प्रमाण ठरवून पुस्तकात छापल्या. पण त्या पुस्तकातसुद्धा सेंटीमीटर चालत नाही. ज्याचं शरीर, त्याच्याच अंगठ्याची रुंदी हे एकक. चिनी भाषेत त्याला त्सुन म्हणतात. चार बोटं जोडून धरली की तीन त्सुन. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं मोजा, नडगीच्या हाडापासून बाहेरच्या बाजूला एक बोट सरका: हा त्झुसानली, पोटासाठी आणि थकलेल्या पायांसाठी. मनगटाच्या घडीपासून कोपराकडे तीन बोटं, दोन कंडरांच्या मधोमध: हा नेइग्वान, मळमळीसाठी. माप रोग्याच्या बोटांचं, वैद्याच्या नव्हे. त्यामुळे पाच वर्षांच्या पोराचा आणि तालमीतल्या पहिलवानाचा नकाशा एकच असतो आणि तरी कुणाचा कुणाला लागू पडत नाही.

हे वाचताना आपल्याकडचं अंगुळ आठवणं अपरिहार्य आहे. सुश्रुतानं १०७ मर्मं सांगितली आणि त्यांचा विस्तारही ज्याच्या-त्याच्या बोटानं मोजला. एवढं साम्य दिसलं की आपल्यातल्या काहींना लगेच चिन्यांनी ही विद्या आपल्याकडूनच नेली असं सिद्ध करण्याची घाई होते. मला ती घाई नाही. सुश्रुत शल्यचिकित्सक होता. त्याच्या लेखी मर्म म्हणजे जिथं घाव बसला तर माणूस मरेल किंवा अपंग होईल अशी जागा. शस्त्र चालवताना तिला वळसा घालायचा. तो जपायच्या जागा मोजत होता, चिनी वैद्य दाबायच्या. मर्मांना तेल लावून हलक्या हातानं चोळण्याची चिकित्सा आज आयुर्वेदात आहे, चांगली आहे, पण म्हणून दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून भोकं जुळवत बसण्यात अर्थ नाही.

मिहानचं स्वतःचं माप मात्र हेक्टरात आहे. चार हजारांहून जास्त हेक्टर. शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव, कलकुही, खापरी, चिंचभुवन ही ती गावं. तिथल्या शेतांचे सातबारे एका मोठ्या नकाशात गेले आणि त्यावर विमानतळाचा विस्तार, सेझ, सॉफ्टवेअर कंपन्यांच्या काचेच्या इमारती, विमानं दुरुस्त करण्याचे प्रचंड हँगर, एम्स उगवलं. त्या कागदांवर किती म्हाताऱ्या माणसांनी सहीऐवजी अंगठा उठवला असेल! अजूनही इथला बराचसा भाग मोकळाच आहे. सहापदरी रस्त्याच्या कडेला कमरेएवढं गवत वाऱ्यावर डोलतं, टिटवी ओरडते. २०१९ च्या नोव्हेंबरात तर या गवतातून एक वाघ फिरून गेला, आणि वनखात्यानं जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांच्या कुंपणाबाहेर कॅमेरे लावले. आमच्या इमारतीतल्या लोकांनी त्या आठवड्यात खिडकीचे पडदे वर करून बाहेर जितकं पाहिलं, तितकं आधी किंवा नंतर पाहिल्याचं मला आठवत नाही.

आमच्याकडे साफसफाईला येणाऱ्या मावशी या गावांपैकीच एका गावच्या. मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेलेला असताना, माझे लाल डोळे पाहून त्यांनी विचारलं, "रात्री झोप नाही लागत का बाई?" मी नाही म्हटलं. "मंग तळव्याले तूप लावून काशाच्या वाटीनं घासून घ्या न. डोळ्यांची आग तळव्यातून निंगते. वाटी काळी पडली का समजाचं, गरमी निंगाली."

काशाची वाटी आमच्या घरीही होती. आजीच्या माहेरची, बुडाला गुळगुळीत, हातात घेतली की आकारमानाच्या मानानं जड. तांबं आणि कथील यांचं हे मिश्रण. तूप आणि घाम यांच्याशी घासलं गेलं की धातूची प्रक्रिया होऊन काळा लेप तयार होतो. वाटी काळी होण्याचा आणि उष्णता निघण्याचा काही संबंध नाही, हे मला रसायनशास्त्र शिकल्यापासून माहीत आहे. पण झोप लागते, हे मला त्याच्याही आधीपासून माहीत आहे. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणं पडायची. पाण्याच्या शिंपणानं गच्ची वाफाळायची. आजी एकेका नातवंडाचा पाय मांडीवर घेऊन वाटी फिरवायची. पहिल्यांदा गुदगुल्या, मग तुपाचा वास, मग टाचेपासून चवड्यापर्यंत गोल गोल फिरणारा तो गारसर, मऊ दाब. दुसऱ्या पायाची पाळी यायच्या आत आम्ही झोपलेलो असू. तिनं दुसरा पाय घासला का, हे तिलाच ठाऊक. आयुर्वेदाच्या वाग्भटानं दिनचर्येत रोज अभ्यंग सांगितला आणि त्यातही डोकं, कान आणि पाय यांच्यावर भर दिला. आजीनं वाग्भट वाचलेला नव्हता.

पायाची बोटं आत वळवली की तळव्याच्या पुढच्या भागात, चवड्याच्या मागे, एक खळगा पडतो. चिनी नकाशात तिथं युंगचुआन आहे, मूत्रपिंडाच्या वाहिनीचा, म्हणजे मेरिडियनचा, पहिला बिंदू. डोक्यात चढलेली उष्णता खाली ओढून घ्यायची, झोप आणायची, ही त्याची कामं. तिकडे रात्री गरम पाण्यात पाय बुडवून मग तो चोळतात. मावशींनी सांगितलेलं आणि हे इतकं सारखं आहे की हसू येतं. मला वाटतं, इथं कुणी कुणाकडून काही शिकायची गरजच नव्हती. उन्हात किंवा शेतात दिवस काढलेल्या कुठल्याही माणसाचा पाय हातात घेतला, तर अंगठा आपोआप त्याच खळग्यात जाऊन बसतो. सातव्या शतकातले थोर चिनी वैद्य सुन सुमियाव यांनी तर नकाशाबाहेरच्या बिंदूंनाही मान्यता दिली होती: दाबत जायचं, आणि जिथं रोगी "हां, इथंच" म्हणेल तिथं थांबायचं. हे वैद्यक आजीलाही येत होतं.

चीनचा विषय निघालाच आहे, तर आता नागपूरच्या एका माणसाविषयी सांगायला हवं, ज्याची या शहराला फारशी आठवण राहिलेली नाही. जपाननं चीनवर केलेल्या आक्रमणाच्या काळात सेनापती चु ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषबाबू. त्यांनी देशाला आवाहन केलं, पैसा जमवला, आणि पाच डॉक्टरांचं पथक सप्टेंबरच्या सुरुवातीला मुंबईहून बोटीनं निघालं. अलाहाबादचे अटल प्रमुख. कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी. सोलापूरचे, नुकतेच डॉक्टर झालेले द्वारकानाथ कोटणीस. आणि नागपूरचे डॉ. चोळकर, वयानं सगळ्यांत वडील. आपल्या गावातला एक पिकल्या केसांचा डॉक्टर दुसऱ्यांच्या युद्धात जखमा शिवायला गेला होता, हे मला पुष्कळ उशिरा, कोटणीसांविषयी वाचताना एका ओळीत कळलं. कोटणीसांवर शांतारामबापूंनी १९४६ मध्ये चित्रपट काढला म्हणून ते घराघरांत पोचले. चोळकर १९३९ मध्ये परत आले. परतलेल्यांवर चित्रपट निघत नाहीत.

आज कोटणीसांचं नाव काढलं की पुष्कळांना वाटतं, ते तिकडून याच बिंदूंवर सुया टोचायला, म्हणजे ॲक्युपंक्चर, शिकले. तसं झालेलं नाही. हे पाचही जण पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले, चाकू-टाका-पट्टीचे डॉक्टर. आघाडीच्या मागे, खेड्यातल्या मातीच्या घरांत ते शस्त्रक्रिया करत होते. कॅनडाचे शल्यविशारद बेथून यांच्या नावानं चालवलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता इस्पितळाचे कोटणीस प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, तिथंच वारले. बसू १९४३ मध्ये मायदेशी आले. आणि येनानमधल्या, बेथून यांचंच नाव असलेल्या इस्पितळात ॲक्युपंक्चरचा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला तो १९४५ मध्ये. पाचांपैकी चौघं तोवर चीनमधून परतले होते आणि पाचवा तिथल्याच मातीत होता. औषधांची टंचाई, भूल द्यायची साधनं नाहीत, खेडुतांचा विश्वास मात्र गावच्या सुईवाल्यावर. त्या अडचणीतून आधुनिक इस्पितळानं या जुन्या विद्येला दार उघडलं.

पण बसूंच्या मनातून चीन गेला नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा तिकडे गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात त्यांनी ते सुरू केलं. भारतातलं ॲक्युपंक्चर इथून धरतात. त्यांनी मित्राच्या नावानं स्मारक समित्या उभ्या केल्या, आणि पुढे पंजाबात लुधियानात कोटणीसांच्या नावाचं ॲक्युपंक्चर इस्पितळ उभं राहिलं. ज्यानं आयुष्यभर शस्त्र हातात धरलं त्याच्या नावाच्या पाटीखाली आज सुया टोचल्या जातात. बंगालनं या पद्धतीसाठी १९९६ मध्ये कायदा केला, महाराष्ट्रानं २०१५ च्या कायद्यानं तिला मान्यता दिली. आपल्याकडे सुई टोचणाऱ्यानं नोंदणी केलेली असावी लागते. अंगठ्याला कसलीच नोंदणी नाही, हे चांगलंही आहे आणि धोक्याचंही.

म्हणजे मग या दाबण्यात तथ्य किती? माझा स्वभाव हिशेबनीस माणसाचा, त्यामुळे आकडे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला नकाशाबरहुकूम सुया, दुसऱ्याला नकाशाबाहेर, मुद्दाम चुकीच्या जागी आणि उथळ टोचलेल्या सुया, तिसऱ्याला औषधं आणि व्यायाम असे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पहिल्या गटात शंभरातल्या सत्तेचाळिसांना बरं वाटत होतं, दुसऱ्या गटात चव्वेचाळिसांना आणि तिसऱ्यात सत्तावीस जणांना. या आकड्यांकडे मी फार वेळ पाहत बसले होते. सुईवाले म्हणतात, बघा, औषधापेक्षा जवळजवळ पावणेदोन पट फायदा. टीकाकार म्हणतात, बघा, जागा चुकली तरी तेवढाच फायदा, म्हणजे नकाशा फोल. दोघंही खरं बोलतात. शवविच्छेदनाच्या टेबलावर कुणालाही चिनी नकाशातल्या त्या वाहिन्या सापडलेल्या नाहीत, आणि सापडतील असं मला वाटत नाही. तरी कुणीतरी लक्ष देऊन, वेळ काढून, दुखऱ्या माणसाच्या अंगाला हात लावला तर त्याचं दुखणं कमी होतं, ही गोष्ट त्या चव्वेचाळिसांनी सिद्ध केली. मला ती नकाशापेक्षा मोठी वाटते.

तिचं थोडं शास्त्रही आहे. मेलझॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ मध्ये मांडलं की वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत एका दारातून जातो, आणि स्पर्शाचा, दाबाचा निरोप आला की ते दार काहीसं लोटलं जातं. पोर पडलं की आई "कुठं लागलं?" म्हणत गुडघा चोळते, तेव्हा ती हेच दार लोटत असते. मळमळीचं उदाहरण तर आणखी ठळक आहे. मनगटावरच्या नेइग्वानला उत्तेजन दिलं तर शस्त्रक्रियेनंतरची मळमळ कमी होते, हे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेनच्या आढाव्यात दिसून आलं. ज्यांना गाडी लागते त्यांनी परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना हा बिंदू दाबून पाहावा. खिडकीही उघडी ठेवावी.

जिथं दावा मोठा होतो तिथं मात्र माझं डोकं पुन्हा जड होतं. चीनमधल्या शाळांत १९६३ पासून मुलांकडून डोळ्यांचे व्यायाम करून घेतात. लाउडस्पीकरवर संगीत, आकडे मोजणारा आवाज, आणि शेकडो मुलं एकाच वेळी डोळे मिटून भुवयांच्या टोकाशी, नाकाच्या मुळाशी, कानशिलांवर बोटं फिरवतात. दृश्य मोठं गोड आहे. पण इतक्या वर्षांनंतर, २०१८ मध्ये, तिथल्याच सरकारी पाहणीत निम्म्याहून जास्त मुलांना लांबचं नीट दिसत नसल्याचं आढळलं. मुलांचे चष्मे लांबवायचे असतील तर रोज दिवसाच्या उजेडात बाहेर खेळवणं जास्त उपयोगी, हे आता चिनी संशोधकही सांगतात. डोळ्यांना दोन मिनिटं मिटून ठेवल्याचा आराम मिळतो, तो खरा. चष्मा जात नाही. आणि उजेडाची तर मिहानमध्ये केवढी लयलूट! क्षितिजापर्यंत अडवणारं काही नाही. आम्ही मात्र काचेवर चकाकी येते म्हणून पडदे ओढून, दिवे लावून बसतो आणि मग डोळे चुरचुरतात म्हणून भुवया दाबतो.

बाजारानं तर यातून भलतंच पीक काढलं आहे. काटेरी लाकडी रोलर, तळव्याला टोचणाऱ्या चपला, चुंबकाचे पट्टे, हाताच्या पंजाचे रंगीत तक्ते ज्यात करंगळीखाली हृदय आणि अंगठ्यात मेंदू छापलेला असतो. बागांमध्ये गोटे बसवलेल्या वाटा झाल्या आहेत, त्यांवरून सकाळी निवृत्त मंडळी "अगं आई गं" करत चालतात आणि नंतर चहाच्या टपरीवर मजेत बसतात. त्यांच्या आनंदावर मला शंका घ्यायची नाही. पण अमुक बिंदू दाबा म्हणजे साखर उतरेल, गोळ्या बंद करा, असं सांगणारा माणूस भेटला की मी तिथून उठते. साखरेच्या माणसाच्या तळव्याची संवेदना बऱ्याचदा गेलेली असते. काटेरी चपलेनं झालेली जखम अशा माणसाला कळत नाही, आणि त्या जखमेची गोष्ट पुष्कळदा शस्त्रक्रियेच्या टेबलावर संपते. ज्यांना सर्वांत जास्त विकलं जातं त्यांनाच ही चप्पल सर्वांत घातक, हे मला फार चीड आणतं.

या सगळ्यातून शेवटी माझ्यापाशी उरतात ते पाय. जपानी कवी बाशो १६८९ मध्ये उत्तरेच्या लांब पायी प्रवासाला निघाला, तेव्हा त्यानं तयारी कोणती केली? फाटकी विजार शिवली, टोपीचा बंद बदलला आणि गुडघ्याखालच्या त्या त्झुसानलीवर वनस्पतीच्या धुमसत्या गोळीचा शेक घेतला. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला शेकडो किलोमीटर चालत जाते, तेव्हा मुक्कामाच्या गावी लोक तेलाच्या वाट्या घेऊन बसलेले असतात. वारकरी ओसरीवर टेकतो, पाय पुढे करतो. समोरचा माणूस कोण, कुठला, कुणी कुणाला विचारत नाही. पोटऱ्या चेपल्या जातात, चवडे दाबले जातात, फोडांवर मलम लागतं. तिथं मेरिडियन नाही, त्सुन नाही. तेल लावणाऱ्याचा अंगठा मात्र नडगीच्या बाहेरच्या कडेनं खाली सरकत असतो, आणि चिनी वैद्य शेजारी उभा असता तर त्यानं मान डोलावली असती.

आमच्या पिढीनं पाय चेपून घेणं सोडलं. चेपायला लावणं हा हुकूम होता, सासूनं सुनेला, मालकानं गड्याला दिलेला, आणि तो गेला हे बरंच झालं. पण त्याच्याबरोबर न सांगता चेपणंही गेलं, त्याची मला हळहळ वाटते. इथल्या नव्या इमारतींमधल्या सदनिकांत पुण्या-हैदराबादहून आलेली एकटी मुलं-मुली राहतात. महिनोन् महिने त्यांच्या अंगाला न्हावी आणि गर्दी यांच्याशिवाय कुणाचा हात लागत नसेल. ती स्वतःच्याच बेचक्यात स्वतःचा अंगठा रुतवून बसतात, त्यात औषधाइतकाच हाही भाग असावा असा मला संशय आहे. माझी आई आता ऐंशीच्या घरात आहे. गावाहून आली की रात्री मी तिचा पाय मांडीवर घेते. तिची कातडी कागदासारखी पातळ झाली आहे, म्हणून मी दाबत नाही, नुसता हात फिरवते, आणि घोट्याच्या आतल्या बाजूनं चार बोटं मोजून तिथं जरा थांबते. ती म्हणते, "हे कायचं मोजून राहिली वो?" मी सांगते, चीनचं आहे. "होय काय," म्हणते, "मंग दुसरा पाय बी चीनचाच कर." आणि सासरच्या एखाद्या लग्नाची, पन्नास वर्षांपूर्वीची, कुणाच्या पंगतीत मठ्ठा कमी पडला त्याची गोष्ट सुरू करते. ती गोष्ट मी एरवी ऐकली नसती. चहा पिताना, टीव्हीसमोर, ती सांगतही नाही. पाय हातात असला की माणसं बोलतात. याची चाचणी कुणी घेतल्याचं माझ्या वाचनात नाही.

तेव्हा वाचकहो, दाबा, पण थोडं भान ठेवून. स्वतःच्या बोटांनी मोजा, दीड-दोन मिनिटं सावकाश दाबा, श्वास चालू ठेवा, ठणक सोसवेल इतकीच असू द्या. गरोदर बाईच्या हाताचं बेचकं आणि घोट्यावरची ती चार बोटांवरची जागा दाबू नये, असं जुने चिनी वैद्यच सांगून गेले आहेत. सुजलेली, लाल, गरम पोटरी चोळायची नाही. तिथं रक्ताची गुठळी असू शकते. मोडलेल्या हाडावर, जखमेवर, नसा फुगलेल्या जागी हात लावायचा नाही. छातीत दुखून घाम फुटला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर बिंदू शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. मिहानमधल्यांसाठी तर एम्स हाकेच्या अंतरावर आहे. बाकी रोजची शिणलेली मानगूट, जड डोकं, उन्हानं पेटलेले तळवे यांच्यासाठी घरातलंच कुणीतरी गाठा. काशाची वाटी माळ्यावर असेल तर काढा, चिंचेनं घासून घ्या. आणि दुसऱ्याचा पाय हातात घेण्याआधी अंगठ्याचं नख कापा.